तोफेला लावलेलं कुंकू

"अहो, माणसं मारलेल्या तोफेला कुंकू लावायचं?" मी विचारलं.

हे वाटीत कुंकू कालवत होते. "मारायचं काम तिनं चार वर्षं केलं. पुढं वीस वर्षं पोरं अंगावर खेळवली. मी त्याची पूजा करतोय. फुलं दे तू."

आज खंडेनवमी. उभा जन्म वर्कशॉपमध्ये गेलेला हा माणूस न्यूझीलंडात रोटोटुनाला लेकाकडे, सुमेधकडे, आला तरी हत्यारांची पूजा सोडेल तर शपथ! त्याच्या घरात हत्यार म्हणून एक स्क्रूड्रायव्हर. त्यामुळे मला घेऊन स्वारी कॉलिनच्या शेडवर. कॉलिन आणि त्याचे म्हातारे मित्र तिथं एक जर्मन तोफ दुरुस्त करतात आणि हे रोज त्यांच्यात लुडबुडतात. इथं आल्यापासून इतके खूश मी यांना प्रथमच पाहत होते.

पहिल्या महायुद्धात जिंकून आणलेली ही तोफ गावच्या बागेत उभी होती. चाकं कुजेपर्यंत मुलं तिच्यावर चढली, घसरली. दुसरं युद्ध आलं तेव्हा तिला खड्ड्यात पुरून टाकलं. आता उकरून काढली होती आणि उद्या तिला रंग द्यायचा होता.

त्या रंगापायी जोनचा जीव टांगणीला लागला होता. नव्वदी ओलांडलेली, याच गावात वाढलेली बाई. तिच्या भावानं, वॉलीनं, लहानपणी तोफेवर खिळ्यानं नाव कोरलेलं. पुढं तो दुसऱ्या युद्धावर गेला तो गेलाच, कबरसुद्धा नाही. रंग चढण्याआधी ते नाव एकदा बघायचं, एवढंच तिचं मागणं. सगळ्यांनी बॅटऱ्या लावून शोधलं. त्या गंजक्या लोखंडावर काय दिसणार, कपाळ?

यांनी पाच बोटं ओढून कुंकू लावलं, फुलं वाहिली, साखर ठेवली. तेवढ्यात कॉलिन आला.

"पांडू, मेट! रंगासाठी स्वच्छ करून ठेवली होती रे!"

यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण तोंड कुठलं गप्प बसतंय! "तरी मी सांगत होते," म्हणत मी फडकं घेतलं आणि खसाखसा पुसायला लागले. कुंकू निघालं, पण बारीक रेघांमध्ये बसलेलं काही निघेना. एक रेघ तिरकी, एक उभी.

"अहो, इकडे या. ही अक्षरं आहेत."

कॉलिननं चष्मा लावला. वॉलीचं नाव वाचलं. सरळ जोनला फोन लावला.

जोन वॉकर ढकलत आली. लाल अक्षरांवरून बोट फिरवत गेली. शेवटचं अक्षर खाली घसरलं होतं.

"मी ढकललं होतं त्याला," ती म्हणाली. "काय चिडला होता!" हसली आणि हसता हसता रडली. मलाही राहवलं नाही.

"एवढा तुकडा न रंगवता ठेवू," कॉलिन म्हणाला. हे लगेच इथल्यांसारखं म्हणाले, "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास.

मी सगळ्यांना चहा केला. जोननं कप डाव्या हातानं घेतला. उजव्या हाताचं बोट लाल झालं होतं. ते तिनं कशालाही लागू दिलं नाही.