चार नंबरच्या कोर्टवरची भेग

चार नंबरच्या कोर्टवर, मागच्या रेषेच्या आत, डाव्या कोपऱ्याजवळ एक भेग होती. दोन वीत लांब आणि करंगळी जाईल इतकी रुंद. ती पडली तेव्हा मुलींच्या टेनिसच्या कोच बाईंना कॉलेजात सहा वर्षं झाली होती. आता निवृत्तीला चार महिने उरले होते, तरी भेग जागच्या जागी होती. मधल्या सव्वीस वर्षांत तीन प्राचार्य आले नि गेले, ऑफिसला दोनदा रंग लागला, मुलांच्या एक आणि दोन नंबरच्या कोर्टवर दिवे आले. चार नंबरकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

दरवर्षी सत्र सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात बाई अर्ज करत. सुरुवातीच्या अर्जांत 'कृपया' होतं, 'नम्र विनंती' होती. पंधराव्या वर्षापासून दोन्ही गळाली. उत्तर मात्र एकच यायचं, प्रस्ताव विचाराधीन आहे. घरी नवरा विचारायचा, "काय गं, तुझ्या सासरचं काही पत्र?" कॉलेजला तो बाईंचं दुसरं सासर म्हणायचा. पहिल्या सासरी निदान सासूबाई भांडायला तरी होत्या, इथे तेवढंही सुख नाही, असं बाई त्याला ऐकवायच्या.

भेगेवर चेंडू पडला की तो कुठे जाईल याचा नेम नसे. कधी जागच्या जागी बसकण मारी, कधी उसळून थेट कानाशी येई. म्हणून बाईंनीच एक नियम काढला होता. चेंडू भेगेवर पडला की खेळ थांबायचा आणि तो गुण पुन्हा खेळायचा. भेगेच्या अगदी शेजारी बाईंचं बाक होतं, त्यामुळे हाक बाईंनी द्यायची. "भेग!" असं त्या ओरडल्या की खेळणाऱ्या मुलीनं चेंडू हातात झेलायचा आणि रेषेवर परत जायचं. ही हाक इतकी खणखणीत असे की पलीकडच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल सामन्याच्या दिवशी आधीच खिडकी लावून घेत.

बाहेरच्या कॉलेजची टीम सामन्याला आली की बाई आधी सगळ्यांना चार नंबरवर नेत. गुडघे टेकून भेगेभोवती खडूनं गोल काढत आणि म्हणत, "ही आमची भेग. इथे पडला की पुन्हा." पाहुण्या मुली हसत, त्यांचे कोच मान डोलावत. मुलांचे कोच मात्र डोक्याला हात लावत. "अहो मॅडम, घरचं मैदान आहे. आपल्या मुलींना नेमका तिथेच मारायला शिकवा की!"

"मग त्यांना टेनिस कोण शिकवणार?" बाई विचारत.

या खरेपणाचं फळ काय मिळालं म्हणाल, तर बत्तीस वर्षांत एकदाही टीम विभागीय फेरीत गेली नाही. दोन वेळा तर जिंकलेला गुण पुन्हा खेळायला लावून बाईंनी स्वतःच सामना घालवला होता. त्याची त्यांना टोचणी नव्हती असं नाही. रात्री भांडी आवरता आवरता त्या स्वतःशीच पुटपुटत. पण दुसऱ्या दिवशी खडू पुन्हा खिशात असायचाच.

या वर्षी सत्राच्या सुरुवातीला उपप्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. मुली या सरांना पाठीमागे 'बघूया सर' म्हणत, कारण ते प्रत्येक गोष्टीला तेवढंच म्हणत. या वेळी मात्र ते सविस्तर बोलले.

"मॅडम, तुमच्यानंतर मुलींच्या टीमचं काय, असा समितीत प्रश्न निघालाय. विभागीय फेरीत गेलात तर तुमच्या जागी माणूस घेता येईल. नाहीतर टीम बंद करून चार नंबर पार्किंगला द्यावा, असं बहुतेकांचं मत आहे."

"बत्तीस वर्षं मी काय केलं मग? गाड्यांची जागा राखली?"

"तसं नाही हो. बघू या."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडून टीम वाचत नाही एवढं त्यांना कळत होतं. त्या उठल्या आणि सरळ कोर्टवर गेल्या.

या वर्षीच्या मुली बऱ्या होत्या, आणि त्यांच्यात टाचणी होती. दुसऱ्या वर्षाची, अंगानं काडीसारखी आणि बोलायला टोचरी, म्हणून हे नाव. तिच्या तोंडापुढे बाईंनीही हात टेकले होते. सराव संपल्यावर सगळ्या पाणी प्यायला पळत तेव्हा ही चेंडू गोळा करत विचारायची, "मॅडम, तुम्ही गेल्यावर आम्हाला ओरडणार कोण?"

"कुणी नाही. सुखानं राहा."

"सुखाची सवय कुठे लावलीत तुम्ही?"

तर या मुलींनी एकामागून एक दोन फेऱ्या जिंकल्या. तिसरी जिंकली की विभागीय फेरी, आणि तिसरी होती घरच्याच मैदानावर. कॉलेजात एकदम मुलींची टीम आहे असा शोध लागला. संस्थेचे अध्यक्ष स्वतः सामना बघायला येणार असं ठरलं. आणि सामन्याच्या तीन दिवस आधी बाई कोर्टवर आल्या तर चार नंबरभोवती दोरी बांधलेली. दोन गवंडी उकिडवे बसून भेगेत काहीतरी काळं भरत होते. शेजारी बघूया सर हात मागे बांधून उभे.

"अध्यक्ष येणार, फोटो निघणार. घ्या, तुमचं इतक्या वर्षांचं काम झालं," सर म्हणाले. "आता तरी हसा."

"अहो, सामना तीन दिवसांवर आलाय! सराव कुठे करायचा आम्ही?"

"वाळेपर्यंत पाय ठेवायचा नाही. सामन्याच्या सकाळी दोरी काढू."

सव्वीस अर्जांना जे जमलं नाही ते एका फोटोनं अर्ध्या तासात केलं. बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्या गवंड्यांनाच म्हणाल्या, नीट सारखं करा, उंचवटा ठेवू नका. ते दोन दिवस सराव तीन नंबरवर झाला, तोही मुलांची टीम उठेल तेव्हा. बाईंनी मुलींना चार-चारदा बजावलं. "भेग बुजली. आता थांबायचं नाही. चेंडू तिथे पडला तरी मारायचा. कळलं?"

"कळलं, मॅडम," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

सामन्याच्या सकाळी दोरी निघाली. भेगेच्या जागी एक गुळगुळीत पट्टा दिसत होता आणि शेजारची पांढरी रेष पुन्हा ओढलेली. पाहुण्या टीमच्या कोच तरुण होत्या, आधी दोनदा येऊन गेलेल्या. त्यांनी हसत विचारलं, "मॅडम, आज गोल नाही काढायचा?"

"नाही. बुजवली. आज सगळं इतर कोर्टांसारखं." असं म्हणताना बाईंचा हात खिशातल्या खडूवर होता.

अध्यक्षांसाठी पहिल्या रांगेत ठेवलेली गादीची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. त्यांना दुसरं काम निघालं होतं. बघूया सर तिच्या शेजारच्या साध्या खुर्चीत बसून राहिले, गादीवर बसायचं धाडस त्यांना झालं नाही.

दुपारपर्यंत दोन-दोन सामन्यांची बरोबरी झाली आणि सगळं टाचणीच्या सामन्यावर येऊन ठेपलं. तो लागला होता चार नंबरवर. एक सेट समोरचीनं घेतला, एक टाचणीनं ओढून आणला. तिसऱ्यात टाचणी मागे पडली, बरोबरीला आली, परत मागे पडली. बाई बाकावर बसल्या होत्या, त्यांची बोटं फळीत रुतली होती. समोरचीला सामन्यासाठी एकच गुण हवा होता. असे दोन गुण टाचणीनं वाचवले. मैदानात टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं, आणि ती तर पडायचं नाव घेत नव्हती.

तिसऱ्या वेळी समोरचीनं घाबरून चेंडू उंच उडवला. लोंबता, सुटा चेंडू, पोरासोरांनी मारावा असा. टाचणी आरामात मागे सरकली, तिनं रॅकेट मागे नेली. समोरची मुलगी जाळीजवळ अडकली होती, अख्खं कोर्ट मोकळं पडलं होतं. चेंडू खाली आला आणि डाव्या कोपऱ्याजवळ, त्या काळ्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध टेकला.

"भेग!"

टाचणीचा हात हवेतच थांबला. चेंडू अगदी सरळ, शहाण्यासारखा उसळला. तिनं तो डाव्या हातात झेलला आणि रेषेकडे वळली.

दोन पावलांनंतर तिला कळलं. समोरच्या मुलीलाही तेव्हाच कळलं आणि तिनं आनंदानं किंचाळून रॅकेट फेकली. पाहुण्या मुली धावत आल्या. पंच म्हणाले ते बरोबरच होतं, खेळ चालू असताना चेंडू हातात धरला, गुण गेला. सामना गेला.

बाई बाकावरून उठल्या नाहीत. तो आवाज आपला होता हे त्यांना समजायला थोडा वेळ लागला. तोंड आपलं, घसा आपला, आणि डोक्याला पत्ताच नाही. मुलींना चारदा बजावलं, स्वतःला एकदाही नाही. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की खिशातला खडू मुठीत मोडला.

तासाभरानं बघूया सर खेळ विभागाच्या खोलीत आले. बाईंसमोर सामन्याचा अहवाल पडला होता. टाचणी दाराशी भिंतीला टेकून उभी होती, रडून डोळे लाल झालेले.

"सवयीनं थांबली ना ही? मला तिकडून सगळं दिसत होतं," सर म्हणाले. त्या वेळी अध्यक्षांचा फोन कानाला होता, त्यामुळे हाक त्यांना ऐकू आली नव्हती. "तसंच लिहा. पराभवाचं कारण, खेळाडूची चूक. पोरकटपणा झाला म्हणून मी समितीत शब्द टाकतो. एखादं वर्ष मुदत मिळेलही. बघू या."

"हो, सर. मीच थांबले," टाचणी पटकन म्हणाली. मग बाईंकडे न बघता, "लिहा ना मॅडम. टीम राहील."

बाईंनी पेन उचललं. 'पराभवाचं कारण' या रकान्यात त्या गेली सव्वीस वर्षं एकच ओळ लिहीत आल्या होत्या, कोर्टची दुरवस्था. आता कोर्टही त्यांच्या मदतीला नव्हतं. एक वर्ष मुदत. नवी कोच, नव्या मुली, पुन्हा सकाळी सहाचा सराव. फक्त दोन शब्द लिहायचे. आणि ही पोर उरलेलं कॉलेज 'जिनं टीम हरवली ती' म्हणून काढेल, आणि ऐकून घेईल.

"तुला चारदा सांगितलं होतं ना, थांबायचं नाही म्हणून?" त्या एकदम तिच्यावर खेकसल्या. "मग का थांबलीस?"

टाचणीला रडू आवरेना. "तुम्ही ओरडलात म्हणून."

बत्तीस वर्षं या इमारतीत बाई बोलत होत्या, लिहीत होत्या, ओरडत होत्या. कुणी ऐकलं नव्हतं. हिनं मात्र जिंकायचा चेंडू समोर असताना ऐकलं.

त्यांनी लिहिलं, 'खेळ चालू असताना प्रशिक्षक ओरडल्या. खेळाडूने आज्ञा पाळली.' खाली सही केली आणि कागद सरांच्या हातात दिला.

सरांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, याचा अर्थ कळतोय ना? पुढच्या सत्रापासून तिथे गाड्या लागतील."

"कळतोय."

"आता मी काय बघणार?" सर म्हणाले. कागदाची घडी घालून ते निघून गेले.

टाचणीनं ओढणीनं नाक पुसलं. तिनं बाईंकडे रागानं पाहिलं, मग खिडकीतून चार नंबरकडे पाहिलं.

"उद्या सहालाच यायचं ना, मॅडम?"

"आता कशाला? आता काय उरलंय?"

"सत्र संपायला अजून चार महिने आहेत," टाचणी म्हणाली. "आणि कोर्ट आत्ता कुठे नीट झालंय."

बाईंनी खिशातला खडूचा भुगा टेबलावर झटकला.

"पावणेसहाला ये," त्या म्हणाल्या. "आणि उशीर केलास तर याद राख."