घोडे धरणारा

मी एक जुना शिशाचा सैनिक आहे. उंची जेमतेम इंचभर. मित्रांनो, माझ्या सोबत्यांच्या हातात बंदुका आहेत आणि माझ्या हातात नुसते चार लगाम. एक माझ्या घोड्याचा, तीन दुसऱ्यांच्या घोड्यांचे.

मी नेपोलियनच्या फौजेतला ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरून जाऊन पायी लढणारा शिपाई. आम्ही दौडत एखादा पूल गाठायचा, खाली उतरायचं आणि भिंतीआडून आखूड बंदुकांनी लढायचं. शत्रू जड झाला की परत घोड्यावर बसून निघायचं, कारण असले बोजड बूट घालून पायी पळणं काही खरं नाही. पण तोवर घोडे कोण सांभाळणार? म्हणून चारांतला एक मागे राहतो. तो मी.

हॅलिफॅक्सच्या क्लिफर्ड हेग नावाच्या बसचालकाने मला घडवलं. स्वयंपाकघरात शिसं वितळवलं तेव्हा त्याची बायको एनिड ओरडली होती, "त्या पातेल्यात आता कस्टर्ड करून मागू नकोस हं!" मग आठवडाभर डोळे बारीक करून त्याने मला हिरवा कोट रंगवला. माझ्या एका घोड्याचा मागचा पायही मुद्दाम पांढरा ठेवला.

दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये टेबलावर लढाई व्हायची. खेळात बारा स्वार उतरले की क्लिफर्ड घोड्यावरचे ते सैनिक उचलायचा आणि त्यांच्या जागी नऊ पायी शिपाई भिंतीशी ठेवायचा. आम्ही तिघे घोडे धरणारे मागे. नवखे लोक बाराच्या बारा भिंतीशी मांडत, मग क्लिफर्ड त्यांची फिरकी घ्यायचा. रेग सटक्लिफ, त्याचा जुना दोस्त आणि कायमचा प्रतिस्पर्धी, एकदा असाच सापडला.

"बारा जण भिंतीशी? मग घोडे काय तुझी मावशी धरून बसलीये?"

"राहू दे रे, विसरलो."

"विसरलास ना? मग घोडे पळाले. आता चाल पायी!"

तीस वर्षं रेगला मावशीवरून टोमणे ऐकावे लागले. आम्हाला मात्र शाबासकी कधी मिळाली नाही. लोक वाकून बंदूकवाल्यांना बघत, आमच्याशेजारी चहाचे कप ठेवत. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

गेल्या हिवाळ्यात दरवर्षीची पुलाची लढाई होती. ती रेगने अकरा वर्षांत जिंकली नव्हती. क्लिफर्डने स्वार उचलले, नऊ जण भिंतीशी मांडले आणि फासे हातात घेतले. आम्ही तिघे टेबलाच्या कडेला ठेवलेल्या डब्यातच राहिलो. हल्ली तो असाच विसरू लागला होता. एनिडने गॅस तपासायची चिठ्ठी दारावर लावली होती.

रेगचं पायदळ पुलावर आलं. आता ड्रॅगूनांनी मागे फिरून घोड्यावर बसायला हवं होतं. क्लिफर्डने चाल मोजायला फुटपट्टी घेऊन मागे पाहिलं. तिथे घोडेच नव्हते. त्याचे कान लाल झाले. नियम त्याचाच होता.

रेगने त्याच्याकडे पाहिलं. मग तो गुडघे धरत टेबलाखाली वाकला. जाता जाता त्याने डब्यातून आम्हाला हळूच मुठीत घेतलं आणि वर येऊन टेबलावरच्या खेळण्यातल्या कोठारामागे उभं केलं.

"खाली पडले होते, म्हाताऱ्या. नीट मांडत जा की!"

त्या मुठीची ऊब मला अजून आठवते. आमचे नऊ जण आले, घोड्यांवर बसले आणि निसटले. रेग बाराव्यांदा हरला.

सामान आवरताना क्लिफर्ड हळूच म्हणाला, "पडले नव्हते ते."

"माहितीये."

"मावशीचा सूड घेता आला असता तुला."

"तिला मी सांभाळून घेईन. तू डबा भर."

क्लिफर्डने डबा भरला, झाकण लावलं आणि तो रेगच्या हातात दिला. "हे तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिले तर एक दिवस मी यांना बसमध्ये विसरेन. गुरुवारी घेऊन ये फक्त."

मित्रांनो, आता आम्ही रेगच्या कपाटात राहतो. तो मऊ कुंचल्याने आमची धूळ झाडतो. तुमच्या घरीही आमच्यासारखे कोणी असतील तर तेवढं कराच. आणि तुमचा दोस्त विसरू लागला तर चारचौघांत त्याची चूक मोजू नका, तुम्ही लक्षात ठेवा.

क्लिफर्डला आता नियमही नीट आठवत नाहीत. तरी दर गुरुवारी रेग आधी त्याच्या बाजूला जातो, क्लिफर्डचं सैन्य मांडतो, सगळ्यांत आधी आम्हा तिघांना. मग टेबलाला वळसा घालून पलीकडे जातो आणि म्हणतो, "चल क्लिफर्ड, तुझी पाळी."