डाळिंबाचा शेंडा

विभागप्रमुखानं पडद्यावरचं जंगल मध्येच थांबवलं आणि एका फांदीवर बोट टेकवलं.

“हे बघ. हे. आणि इकडे हे.”

तिनं खुर्ची पुढे ओढली. जंगल तिनंच केलेलं होतं. चित्रपटातली एक मुलगी या झाडांमधून धावत जाणार होती. मुलगी खरी, झाडं संगणकातली. पानांच्या शिरा, करपलेल्या कडा, अळीनं कुरतडलेला अर्धगोल, सगळं जागच्या जागी होतं.

“चुकलंय कुठे?”

“चुकलेलं काहीच नाही गं. पण यात एक तरी कोवळं पान दाखव मला.” विभागप्रमुखाला सगळे भिंग म्हणत, कारण त्याच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नसे. “दृश्य आहे थंडी सरल्यानंतरचं, आणि तुझं जंगल पेन्शनीत निघाल्यासारखं.”

मागच्या टेबलांवरून हसू आलं. तीही हसली, पण हसता हसता थांबली. कारण तिला कळलं होतं.

ती पान तोडत नसे. सकाळी कामावर येताना झाडांखाली पडलेलं तेवढंच वेचायची, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. मग स्कॅनरवर एकदा उताणं, एकदा पालथं, आणि शेवटी काळ्या खोक्यात सपाट ठेवून मागून उजेड सोडायची. पान उजेड किती पिऊन घेतं आणि किती पुढे जाऊ देतं, हे त्याशिवाय समजत नाही. झाडाला हात लावायचा नाही आणि आपल्यासाठी दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही, हा मूळचा तिच्या आईचा नेम. आई गेल्यावर, मागे राहिलेली शाल कुणीतरी अंगावर घ्यावी, तसा तिनं तो घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसात तिला पाचोळाताई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे.

पण कोवळं पान आपणहून गळत नाही. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत तिच्या ध्यानातच आली नव्हती.

“रंग बदलून बघते,” ती म्हणाली.

“रंगानं कुणी तरुण होतं का? मी लावतोच की कलप. विचार माझ्या बायकोला.” मग त्यानं आवाज खाली आणला. “शुक्रवारी दिग्दर्शक येतायत. नाही जमलं तर दृश्य दुसऱ्या टीमकडे जाईल. वर्षभर खपलीयस तू यावर. मला ते बघवणार नाही.”

तो गेल्यावर शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिच्याकडे झुकला.

“मी आणतो तोडून. पाप माझं, पान तुझं.”

“माझ्यासाठी तोडलंस, तर ते मीच तोडलं रे,” ती म्हणाली.

घरी आल्यावर पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधीच ती कॅमेरा घेऊन बाल्कनीत गेली आणि डाळिंबाच्या कुंडीपाशी गुडघ्यांवर बसली.

डाळिंब सासऱ्यांनी बी रुजवून वाढवलं होतं. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात ते रुग्णालयात होते. सासूबाई त्यांच्या उशाशी बसून राहिल्या, आणि इकडे झाडांना पाणी घालायचं कुणाला सुचलं नाही. सगळं संपवून सासूबाई घरी आल्या, तेव्हा डाळिंबाचा खराटा झाला होता. कुंडी मात्र त्यांनी टाकू दिली नाही. आणि आता, कुणी आशाही धरली नसताना, बुंध्याला एकच शेंडा फुटला होता. तांबूस, नखाएवढ्या पानांचा. सासूबाई रोज चहाच्याही आधी तिथं जायच्या. पाणी घालून झालं तरी उभ्याच राहायच्या.

“काय गं, बारशाचे फोटो काढतेयस का त्याचे?” त्या दारात येऊन म्हणाल्या.

“नीट येत नाहीयेत, आई. वारा हलवतोय.” तिनं फोटो दाखवले. सगळेच पुसट. मग तिनं ऑफिसातलं सगळं सांगितलं. सासूबाईंपासून लपवून काही उपयोग नसायचा. त्या चेहऱ्यावरूनच वाचायच्या.

“म्हणजे ते खोक्यात झोपवावं लागणार.”

“हो.”

“आणि तू तोडणार नाहीस.”

“नाही.”

“भाजी बरी चालते चिरलेली.”

“ती पोटासाठी आहे, आई.”

“आणि नोकरी कशासाठी करतेस? हवा खायला?”

तिनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. “जाऊ दे. दुसरं कुणीतरी करेल ते जंगल,” ती म्हणाली, आणि ताटं घ्यायला आत गेली. जेवताना तिनं दोन घास कमीच खाल्ले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती चपला घालत होती, तेव्हा सासूबाई बाल्कनीतून आल्या. हातात ओलं फडकं होतं. त्यांनी ते तिच्या पुढ्यात धरलं आणि एक घडी उलगडली.

“आई!”

“ओरडू नकोस. तू तोडलं नाहीस. तू सांगितलंही नाहीस. नेम तुझा आहे, माझा नाही.”

“पण तो एकच शेंडा होता...”

“शेंडा खुडला की दोन फुटतात. संगणकातल्या झाडांचं तुला कळतं, कुंडीतल्यांचं मला कळतं. उभी काय राहिलीस? सुकेल ना ते.”

सासूबाईंच्या अंगठ्याच्या नखात हिरवा रस अजून ओला होता. ती काही बोलायला गेली, पण त्यांनी तोवर पाठ फिरवून दाराची कडी काढून दिली होती. तिनं फडकं दोन्ही हातांत घेतलं. वाटेतल्या झाडांखाली त्या दिवशी ती थांबली नाही.

काळ्या खोक्यात मागून दिवा लावल्यावर, लहान मुलाच्या कानाच्या पाळीतून ऊन दिसावं, तसा त्या पानांतून उजेड आला. ती बघतच राहिली. मग डोळे पुसून कामाला लागली. काही पानं तिनं अर्धी मिटलेली ठेवली, काही नुकती उलगडणारी; प्रत्येक फांदीच्या टोकाला थोडी, सावलीतल्या फांद्यांना अगदी मोजकी. दिवस मावळेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

शुक्रवारी भिंगानं दृश्य दोनदा फिरवलं. नाक पडद्याला लागेल इतका जवळ गेला.

“कुठून आणलंस?”

“घरून.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि दिग्दर्शकांना पुढे बोलावलं. दिग्दर्शकांनी मान हलवली आणि पुढच्या दृश्याकडे वळले. एवढंच झालं. जंगल तिच्याकडे राहिलं.

रविवारी तिनं लॅपटॉप सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पडद्यावर वारा आला आणि सगळे शेंडे एकदम डोलले.

“यातलं माझं कुठलं?”

“सगळीच, आई.”

“अगंबाई! एवढी मी कुठं तोडली?”

ती खळखळून हसली. सासूबाईही हसल्या. मग बोटानं एक फांदी चाचपत, पडद्याकडे बघतच म्हणाल्या, “यांनी पाहिलं असतं, तर पहिलं विचारलं असतं, एवढ्यांना पाणी कोण घालतं?”

ती त्यांच्याजवळ सरकून बसली. त्यांनी जंगल पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

दिवस जात राहिले. सासूबाई अजूनही चहाच्या आधी बाल्कनीत जायच्या. पूर्वी त्या कठड्याच्या बाजूला उभ्या राहायच्या; आता दाराच्या बाजूला, कुंडी अंगाआड करून. आत येताना कुंडीपुढे रिकामी बादली ओढून ठेवायच्या.

एका संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना एक रुमाल बादलीमागे पडला. तो उचलायला ती वाकली, आणि दिसायचं ते दिसलं. खुडलेल्या जागी काळा ठिपका होता. बाकी खोड वरपासून खालपर्यंत कोरडं. तिनं रुमाल उचलला आणि बादली होती तशी सरकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कनीच्या दाराशी आली. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, शालीचं टोक एका हातानं पसरून धरलेलं.

“फुटले का हो दोन, आई?”

“फुटतायत. वेळ लागतो त्याला.” त्यांनी शाल आणखी पसरली. “तू नको येऊस इकडे. खाली ओलं आहे, घसरशील.”

फरशी कोरडी होती. ती उंबरठ्याच्या अलीकडेच थांबली.

“नाही येत. पण कुठल्या बाजूंना फुटतायत, ते तरी सांगा.”

तांब्यातलं पाणी कुंडीत पडत राहिलं.

“एक माझ्या बाजूला,” त्या म्हणाल्या, “आणि एक तुझ्या.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.