यादीतून राहिलेलं थडगं

बाबांनी तीस वर्षं खाणीत सुरुंगासाठी भोकं पाडली आणि त्यापायी दोन्ही कान जवळजवळ घालवून बसले. लेक मोजणी खात्यात. टेकडीवरच्या हजारो वर्षांपूर्वीच्या दगडी थडग्यांची यादी करायची, म्हणजे खाणीची नवी हद्द ती सोडून आखता येईल, हे काम नेमकं तिच्याच गळ्यात पडलं. सतरा थडगी मोजून झाली. यादी शुक्रवारी द्यायची होती.

बुधवारी तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. बाबांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला.

"एक राहिलं की."

"कुठलं?"

"आं?"

"कुठलं, बाबा?" ती इतकी ओरडली की शेजारच्यांनीही खिडकीतून डोकावलं.

"उद्या दाखवतो. असं सांगून कळायचं नाही."

सकाळी दोघं टेकडी चढली. खाली खडी फोडायचं यंत्र घरघरत होतं, झुडपांवर पांढरी धूळ बसली होती. बाबांनी काठीने एक काटेरी जाळी बाजूला सारली. जाळीमागे एक कललेली शिळा, तिच्याखाली फट.

"या गुडघ्यांनी आत जाणार तुम्ही?" तिने खुणेनेच विचारलं.

"मी जातो, तू आपलं सुटलेलं पोट सांभाळ."

आत चार उभ्या शिळा, वर एक रुंद शिळा. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"कधीपासून माहीत होतं?" ती सवयीने ओरडली.

"हळू गं! इथं ऐकू येतं मला."

ती चपापली. मग हळूच म्हणाली, "खरंच?"

"खरंच. भिंती जवळ आहेत ना." बाबा हसले. "तुझी आई गेली त्या वर्षी सापडलं. जेवणाच्या सुट्टीत इथं येऊन बसायचो. घरी तुझ्यापुढे रडायची चोरी होती."

"मला वाटायचं, तुम्हाला काहीच वाटलं नाही. एकदाही तिचं नाव काढलं नाहीत."

"नाव काढलं असतं तर तुला कोणी सावरलं असतं?"

"आणि खाणीवाले इकडे कसे फिरकले नाहीत?"

"साहेबांना सांगितलं, इथला दगड भुसभुशीत आहे, फुकट मेहनत जाईल. धडधडीत थाप!"

मग आईचा विषय निघाला. ती बेसूर गायची ते, भांडल्यावर मुद्दाम चहात साखर कमी घालायची ते. इतक्या वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं. बाराचा सुरुंग उडाला, वरून माती सांडली, तेव्हा बाबांनी बोलता बोलताच तिच्या डोक्यावर हात धरला.

शुक्रवारी तिने अठरा थडग्यांची यादी दिली. हद्द मागे सरकली. खालच्या उतारावरची दोन मात्र वाचली नाहीत. आधीच फुटलेली म्हणून तिच्या खात्याच्या साहेबांनी ती वगळली. ती खूप भांडली, पण उपयोग झाला नाही.

ती दोन थडगी फोडायच्या आदल्या दिवशी बापलेक तिथे गेली. उघड्यावरच्या त्या दगडांत बाबांना एक शब्द ऐकू येत नव्हता. तिने डबा उघडला, मोठा वाटा त्यांच्याकडे सरकवला आणि त्यांना टेकून बसली.