कोनराडच्या कुंपणावरचा काटा

मी बोलतोय. हो, मीच, कुंपणाच्या तारेत अडकलेला वाळका काटा, म्हणजे अख्खं गोल काटेरी झुडूप. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या या माळावर मला रशियन काटा म्हणतात. याहून वाईटही म्हणतात, ते इथे सांगत नाही.

माझे पूर्वज इथले नव्हेत. रशियाहून आलेल्या लोकांच्या जवसाच्या पोत्यांत आमचं बी लपून आलं. तिकीट काढलं नाही, कुणाला विचारलं नाही. वाळून देठ तुटला, की वाऱ्यावर गडगडत बी सांडत जायचं; असे आम्ही मुलूखभर पसरलो. आता सिनेमात ओसाड गाव दाखवायचं असलं, की आमच्यातलाच एकजण रस्त्यावरून गडगडत जातो आणि लोक उसासे टाकतात. तेच लोक घरी येऊन आम्हाला गोळा करतात आणि पेटवून देतात.

पेटवणाऱ्यांत पहिला या कुंपणाचा मालक, शेतकरी कोनराड. शेतात आमचा एक कोंब दिसला तरी त्याला जेवण जात नसे. खरं सांगतो, मला तो आवडायचा. वैरी असावा तर असा.

मी त्याच्या गोठ्यामागे उगवलो, त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. गहू वीतभर वाढून करपला. धुळीच्या वादळांनी दिवसाही दिवे लावायची पाळी आणली. सगळ्या रानात हिरवे होतो ते आम्हीच. गोठ्यात एकच गाय उरली होती, बर्टा. तिच्या दुधावर कोनराडची तान्ही रोझिना जगत होती. चारा संपला आणि बर्टाच्या बरगड्या दिसू लागल्या.

"उद्या तिला गोळी घालतो," एका सकाळी कोनराड म्हणाला. "हे हाल बघवत नाहीत."

"आणि पोरीला काय पाजू, धूळ?" त्याची बायको अमालिया उसळली. "तो काटा कापा. कोवळा आहे तोवर खाईल गाय. तिकडे रशियात माझी आजी घालायची गुरांना."

"काटा? माझ्या गाईला? अगं, गाव हसेल मला!"

"हसू दे. गाव येणार आहे का दूध पाजायला?"

कोनराड पुटपुटत लांब दांड्याचा विळा घेऊन आला. आमचे तुकडे केले, मीठ शिंपडलं, थोडा जुना पेंढा मिसळला, उरलेलं गोठ्यात रचून ठेवलं. बर्टाने हुंगून तोंड फिरवलं. मग पुन्हा हुंगलं, आणि खाऊ लागली. भाऊबंद कापले जाताना मला वाईट वाटत होतं. तिचं रवंथ ऐकलं आणि ऊर भरून आला.

शेजारचा एमिल कुंपणापाशी येऊन हसला. "काय रे कोनराड, जन्मभर जाळलंस आणि आता साठवतोस? ख्रिसमसला हेच वाढणार वाटतं!"

"वाढेन की. पहिलं ताट तुझं."

आठवड्याने एमिल आला तो विळा घेऊनच. "तुझ्या पलीकडच्या बांधावरचं घेऊ का रे थोडं?" आवाज अगदी खाली. कोनराडने मान डोलावली. त्याला हसता आलं असतं, पण हसला नाही.

कापत कापत कोनराड माझ्यापाशी पोचला.

"हा राहू द्या," अमालिया म्हणाली.

"बी धरेल तो."

"म्हणूनच म्हणतेय."

विळा थांबला. कोनराड मला वळसा घालून पुढे गेला.

मी वाढलो, बी धरलं, लालसर झालो, वाळलो. हिवाळ्याच्या तोंडावर देठ तुटला आणि वाऱ्याबरोबर निघालो. माझं पहिलंच गडगडणं, आणि सापडलो तो याच तारेत.

आज सकाळी कोनराड आला. खिशात नेहमीप्रमाणे काडेपेटी होती. गोठ्यात बर्टा हंबरली. त्याने काडेपेटी काढली, पाहिली आणि परत खिशात घातली. मग दोन्ही हातांनी मला तारेतून सोडवू लागला. काटे बोचले तसा शिव्या देत राहिला.

"जा मेल्या, सूट," म्हणाला, आणि मला कुंपणापलीकडे वाऱ्यात सोडलं.

मी निघालोय, पण जाता जाता थोडं बी त्याच्याच बांधावर सांडतोय. कोनराड, पुढच्या वर्षी पाऊस आला तर माझी लेकरं खुशाल जाळ. नाही आला, तर कोवळी असतानाच काप.