सॉरीची नोंद

कोशकाराचं बूड सकाळपासून खुर्चीला टेकत नव्हतं. आपल्या बोलण्यात शिरलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश तो वीस वर्षं रचत होता आणि आज 'सॉरी'ची नोंद छापखान्यात जायची होती. एका शब्दापायी माणसानं इतकं कासावीस व्हावं का? पण त्याला कारण होतं.

कोशाचा एक नियम त्यानेच घातला होता. उदाहरणाचं वाक्य मनानं रचायचं नाही. कुणीतरी खरोखर बोललेलंच घ्यायचं, कार्डावर तारखेसकट. बायको म्हणायची, "तुमच्यासमोर तोंड उघडायची चोरी."

मागच्या खंडात 'फेल'पुढे त्याने असंच एक वाक्य घातलं होतं: "आई, मी फेल झाले. बाबांना सांगू नकोस." सोळा वर्षांची लेक स्वयंपाकघरात रडत हे बोलली, तेव्हा हा दाराआड कार्ड घेऊन उभा होता. आता ती नोकरीला लागलेली. गेल्या आठवड्यात तिच्या ऑफिसात कुणीतरी तो खंड उघडून ते वाक्य मोठ्यानं वाचलं, आणि सगळे हसले. खाली नाव नव्हतं, पण वय होतं, तारीख होती. तेव्हापासून लेकीनं बापाशी अबोला धरला होता. उद्या ती बदली होऊन दूरच्या गावी निघणार होती. अशीच गेली तर पुन्हा आपल्याशी कधी मोकळं बोलायची नाही, या धास्तीनं त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तो कार्डं चाळत बसला. धक्का लागला की सॉरी. नीट ऐकू आलं नाही की सॉरी. दुकानदाराला नाही म्हणायचं तरी सॉरी, आणि कुणाचं माणूस गेलं तरी सॉरीच. शब्दाचं मूळ मात्र जुनं, ठणकणाऱ्या जखमेचं. 'सॉरो' म्हणजे दुःख, ते याचं भावंड असावं असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात दोघं नुसते शेजारी. आधी लोक या शब्दानं दुखतंय एवढंच सांगत. माफी मागून मोकळं होणं मागाहून आलं. त्या जुन्या अर्थाला शोभेल असं एकही कार्ड त्याच्याकडे नव्हतं.

चारच्या सुमाराला लेक जिना चढून आली आणि तिनं आपल्याजवळची घराची किल्ली टेबलावर ठेवली.

"सॉरी, बाळा," तो उठत म्हणाला. "चुकलंच माझं. पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो ते."

"कशाला काढताय? छापलंत त्याचं एवढं नाही वाटलं मला." ती म्हणाली. "तुम्ही दाराशीच होतात, बाबा. आत का नाही आलात? सांगू नकोस म्हणत होते, पण वाट तुमचीच बघत होते. मला आज तुमचं सॉरी नकोय, त्या दिवशी तुम्ही हवे होतात."

कोशकाराला तिला जवळ घ्यायचं होतं, अगदी मनापासून. पण वीस वर्षांची सवय; हातानं कोरं कार्ड पुढे ओढलंसुद्धा होतं.

लेकीनं ते पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "तारीख आजची घाला." आणि ती जिना उतरू लागली.