कार्गोच्या पेनाने लिहिलेली चार वर्षे

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. माझ्या अंगावर जी जाड काळी अक्षरे दिसत आहेत, ती पाहून नाक मुरडू नका. मी अस्वच्छ नाही. उलट स्वच्छतेच्या बाबतीत मी जन्मभर फार कडक होतो. पुसताना कोपऱ्यात एक निळा ठिपका राहिला, तरी मला दिवसभर चैन पडत नसे. अशा माझ्यावर ही वेळ यावी, हा धक्का मला अजून पचलेला नाही. म्हणून तर सगळे सांगायला बसलो आहे. बसलो म्हणजे उभाच आहे, भिंतीला टेकून.

माझा जन्म शारजातल्या एका कारखान्यात झाला. गुळगुळीत अंग, चारी बाजूंना चकचकीत पट्टी आणि खाली पेन ठेवायला छोटीशी कड. तपासणाऱ्या माणसाने माझ्यावर एक रेघ ओढली, बोटाने पुसली आणि तो खुशीत ओरडला, "खलास! कुछ नहीं टिकेगा इस पर!" केवढा अभिमान वाटला मला! आपल्यावर काहीच टिकत नाही, हाच आपला मोठेपणा, असे मी धरून चाललो.

मला वाटले होते, मी गणिताच्या वर्गात जाणार. माझ्यावर वर्तुळे निघतील, त्रिकोण निघतील. पण दुबईतल्या एका कॅथलिक हायस्कूलमध्ये मला नेले आणि टांगले ते सिस्टर इमेल्डा यांच्या खोलीत. वर मेरीमातेची तसबीर, समोर टेबल आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा. मी चकित झालो. फळ्याच्या खोलीत रुमाल कशाला? पहिल्याच दिवशी कळले. इथे बेरीज-वजाबाकी होत नव्हती. इथे आठवी संपवलेली मुले आईवडिलांना घेऊन येत आणि पुढच्या चार वर्षांत काय शिकायचे ते ठरवत. अर्ध्या तासात! चौदा वर्षांच्या मुलाची पूर्ण चार वर्षे, अर्ध्या तासात! भीतीने पांढरे पडण्याची सोय असती तर मी पडलोच असतो, पण मी मुळातच पांढरा.

सिस्टर मूळच्या वसईच्या. पट्टी लावून त्या माझ्यावर चार रकाने आखत. नववी, दहावी, अकरावी, बारावी. सगळ्यात आधी त्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर धर्माचा तास लिहीत. ख्रिस्ती मुलांना बायबलचा, मुसलमान मुलांना इस्लामिक स्टडीजचा, बाकीच्यांना मॉरल एज्युकेशनचा. तिन्ही त्या सारख्याच सुबक अक्षरात लिहीत. मग भाषा, मग गणित, मग विज्ञान की कॉमर्स, आणि तिथून पुढे वादळ.

काय काय पाहिले मी! एका वडिलांनी सुरुवातच बारावीपासून केली. शेवटच्या रकान्यात 'मेडिकल' लिहायला लावले आणि तिथून ते उलटे चालत नववीपर्यंत आले. एका बाईंनी मुलाचा खेळाचा तास काढून टाकला, कारण तेवढ्या वेळात क्लासचा अभ्यास होईल म्हणे. एकदा तर नवरा-बायको एकमेकांवर इतके चिडले की मुलगा उठला आणि माझ्या कोपऱ्यात मासा काढत बसला. त्याला कोणी काही विचारलेच नाही. मी हादरून जायचो. मग सिस्टर त्यांच्या मऊ फडक्याने मला पुसायच्या आणि म्हणायच्या, "तू आहेस म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे." त्या कौतुकावर माझे दिवस जात होते.

एका गोष्टीवर मात्र सगळ्या घरांचे एकमत असे. आमच्या शाळेत अरबी नववीपर्यंत सक्तीची, दहावीपासून सोडता येते. सिस्टरनी हे सांगायचा अवकाश, आईवडील आणि मूल एका सुरात म्हणत, "सोडून द्या!" तेवढ्यापुरते भांडण मिटत असे.

पुढे खोलीत मोठा स्क्रीन आला. बोट लावले की रकाने उमटायचे, बोट लावले की जायचे. मला भिंतीवरून उतरवून कोपऱ्यात ठेवले. हे मी सोसले. पण नाताळच्या नाटकातले देवदूतांचे पंख माझ्यावर लटकवले, तेव्हा मात्र कहर झाला. त्या पंखांची चमकी माझ्या सगळ्या अंगाला चिकटली. माझ्यासारख्या फळ्याला! मी किती महिने तसा चमकत उभा होतो, विचारू नका.

आणि मग एप्रिलमधली ती सकाळ उजाडली. स्क्रीनने ऐनवेळी मान टाकली. दारात एक कुटुंब ताटकळत होते. सिस्टरनी स्क्रीनवर दोन चापट्या मारून पाहिल्या, मग माझ्या अंगावरचे पंख काढले, मला झटकले आणि दोन खुर्च्यांवर उभे केले. मला कोण आनंद झाला!

आलेले गृहस्थ म्हणजे रफिकभाई. मूळ रत्नागिरीकडचे, 'बर दुबई' नावाच्या भागातल्या एका कार्गोच्या दुकानात मॅनेजर. लोकांचे सामान खोक्यात भरायचे, चिकटपट्टी मारायची आणि ज्याच्या त्याच्या गावी रवाना करायचे, हे त्यांचे काम. शर्टाच्या खिशात एक जाडजूड काळे पेन होते. बरोबर त्यांची बायको शहनाझ आणि नववीत आलेली मुलगी नबिला.

"या, बसा. मी वसईची," सिस्टर म्हणाल्या. "मराठीतच बोलू. तेवढंच सुख."

सिस्टरनी चार रकाने आखले. रफिकभाई लगेच पुढे सरकले.

"सिस्टर, चार नकोत. दोनच भरा. दहावीनंतर आम्ही गावी जाणार, फायनल. घर बांधून झालंय. वरचा स्लॅब पडला की खलास!"

"हे दोन वर्षांचं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय," शहनाझ म्हणाली.

"या वेळी नक्की, इन्शाल्ला."

सिस्टरनी पहिले दोन रकाने भरले. उरलेले दोन रिकामेच राहिले. मित्रांनो, माझ्यावर लोकांनी वाट्टेल ते लिहिले होते, पण रिकामा रकाना मी कधी पाहिला नव्हता. मला कसेसेच झाले. नबिलासुद्धा त्या रिकाम्या जागेकडेच बघत होती.

मग ती हळूच म्हणाली, "सिस्टर, कॅन आय कीप ॲरेबिक? ऑल फोर इयर्स?"

सिस्टरच्या हातातली टोपी, म्हणजे पेनाची हो, खाली पडली. माझा तर कानांवर विश्वास बसेना. अरबी ठेवायची? मागून घ्यायची? सिस्टर सावरल्या आणि त्यांनी नियम सांगितला. पुढचा अरबीचा वर्ग अगदी लहान असतो. ज्यांची चारही वर्षे आज ठरतील, त्यांनाच त्यात जागा. मध्येच सोडता येत नाही. परीक्षा थेट बारावीला.

रफिकभाई मोठ्याने हसले. "अगं, अरबी शिकून रत्नागिरीत कोणाशी बोलणार? माझं बघ. वीस वर्षं काढली इथं. यल्ला, खलास, इन्शाल्ला, हबीबी. चार शब्दांत सगळं भागलं माझं!"

"नाही भागलं, अब्बा."

ही मुलगी आईवडिलांना नेहमी इंग्रजीत उत्तर देत असावी, कारण तिचे मराठी ऐकून दोघांनीही चमकून मान वळवली. पुढचे तिने अर्धे इंग्रजीत, अर्धे मराठीत, अडखळत सांगितले. मी तुम्हाला सरळ करून सांगतो.

आदल्या शनिवारी ती वडिलांच्या दुकानात बसली होती. एक मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई एकच खोके घेऊन आली. त्यात शर्ट होते आणि फुटबॉलचे बूट होते. रफिकभाई नेहमीसारखे लगबगीने चिकटपट्टी मारत होते, पत्ता लिहीत होते. बाई त्यांच्याशी अरबीत काहीतरी बोलत होती आणि ते माना डोलावत होते. तिचे बोलणे संपले तसे त्यांनी खोक्यावर थाप मारली आणि हसून म्हणाले, "इन्शाल्ला, इन्शाल्ला! नो प्रॉब्लेम!" बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग निघून गेली.

"ती म्हणत होती, हे माझ्या मुलाचे कपडे आहेत," नबिला म्हणाली. "मुलगा गेला. आता हे त्याच्या आजीकडे पाठवतेय."

"गेला म्हणजे? कुठं गेला?"

"ही डाइड, अब्बा."

मी थिजलो. हा हसरा, गडबड्या माणूस माझ्यासमोर एकदम म्हातारा दिसू लागला. त्याचा एक हात खिशातल्या पेनावर गेला आणि तिथेच राहिला.

"आणि मी..."

"तुम्ही हसलात."

"या अल्लाह," शहनाझ पुटपुटली.

रफिकभाई मुलीकडे वळले. "मग तू का नाही बोललीस, बेटा? तुला तर कळलं होतं."

"कळलं. पण तिला काय म्हणायचं, ते मला येत नव्हतं." नबिलाने टेबलावरचा कागदी रुमाल ओढला. "शाळेत इतकं शिकवलंय की कळतं. बोलण्याइतकं नाही शिकवलं. आणि आता सोडायचं. अब्बा, आपण नेहमी जाणार असतो, म्हणून मी कधी काहीच पूर्ण नाही केलं. स्विमिंग नाही, पियानो नाही. हे तरी करू दे ना."

मित्रांनो, त्या खोलीत मी पुष्कळ रडणे पाहिले आहे. पण वडील खाली मान घालून बसलेत आणि मुलगी त्यांना रुमाल देतेय, हे मी पहिल्यांदाच पाहिले. मला ते बघवत नव्हते. डोळे मिटून घ्यायची सोयही माझ्याकडे नाही.

रफिकभाई उठले. सिस्टरनी आपले निळे पेन पुढे केले, पण त्यांचे लक्षच नव्हते. त्यांनी खिशातले ते जाड काळे पेन काढले, दातांनी टोपण उपटले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पेनाचा उग्र वास आला मात्र, मी हबकलो. ते फळ्याचे पेन नव्हते! मला ओरडता आले असते तर पूर्ण शाळा गोळा केली असती. माझ्या वतीने सिस्टर ओरडल्या.

"अहो रफिकभाई, थांबा! ते पुसलं जायचं नाही!"

"माहीत आहे, सिस्टर," ते मागे न बघता म्हणाले. "माझी खोकी पावसात भिजतात, पण पत्ता जात नाही."

आणि त्यांनी लिहिले. आधी नववीत, मग दहावीत, मग त्या दोन रिकाम्या रकान्यांत. अरबी, अरबी, अरबी, अरबी. खोक्यावर पत्ता लिहावा तसे मोठे, ठसठशीत मराठी अक्षर. लिहून झाल्यावर सवयीने बारावीच्या बाजूला एक उभा बाणही काढला, ही बाजू वर ठेवा म्हणून खोक्यावर काढतात तसा.

"आणि गावचं घर?" शहनाझने विचारले.

"घर कुठं पळून जातंय? थांबेल ते. हिची बारावी होऊ दे. मग दोन वर्षांनी जाऊ."

शहनाझ डोळे पुसता पुसता खुदकन हसली. मला मात्र हसू येत नव्हते. मी, ज्याच्यावर काहीच टिकणार नव्हते, तो मी कायमचा रंगलो होतो.

सिस्टरनी त्या दिवशी मला पुसले. गणित गेले, विज्ञान गेले, रकान्यांच्या रेघाही गेल्या. चार शब्द आणि एक बाण तेवढे राहिले. आता माझ्यावर दुसऱ्या कोणाची वर्षे कशी लिहिणार? माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. तिथे एकदा सफाई करणारा खैरुद्दीन स्पिरिटची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन आला. काय सांगू, आयुष्यभर स्वच्छतेसाठी जीव टाकणारा मी, त्या बोळ्याला पाहून घाबरलो! तेवढ्यात सिस्टर धावत आल्या. "खैरुद्दीन, त्याला हात लावू नकोस!" मला हायसे वाटले, आणि हायसे वाटले याचाच मला पुन्हा धक्का बसला.

नबिला आता अकरावीत आहे. मधल्या सुट्टीत ती इथे येते आणि माझ्यासमोर मोठ्याने धडे म्हणते. मला त्यातले काही कळत नाही. पण पूर्वी ती अडखळायची, आता अडखळत नाही, एवढे मला समजते.

गेल्या महिन्यात पालकसभा संपल्यावर ती वडिलांना घेऊन आली. मागोमाग शहनाझही आली. रफिकभाईंनी त्या मिसरी बाईला खूप शोधले होते. दुकानातल्या पावतीवरचा तिचा फोन बंद झाला होता. ती पुन्हा दुकानात येईल, न येईल. तरी ते माझ्यासमोर हात बांधून उभे राहिले आणि अरबीत एक वाक्य म्हणाले. नबिलाने चूक सांगितली. त्यांनी पुन्हा म्हटले. तिने पुन्हा अडवले. तिसऱ्यांदा ते नीट जमले.

"म्हणजे काय हो ते?" शहनाझने विचारले.

"तुमचा मुलगा गेला, मला फार वाईट वाटतं. त्या दिवशी मला कळलं नव्हतं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत आणखी एकदा ते वाक्य म्हणाले. या वेळी नबिलाने त्यांना अडवले नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या फळ्यांना मऊ फडक्याने पुसा, त्यांच्यावर पंख लटकवू नका. माझ्याबद्दल मात्र एवढीच विनंती आहे. नबिलाची बारावी व्हायला अजून अवकाश आहे, आणि ती बाई अजून आलेली नाही. तोवर बोळा घेऊन माझ्याकडे कोणी येऊ नका. मी अस्वच्छ नाही.